पुसून टाकलेलं भविष्य जातं कुठे?

जत्रा भरली आहे. गार्डियाच्या राज्याला एक हजार वर्षं पूर्ण झाली, म्हणून गावाजवळच्या चौकात नुसती धमाल चाललीय. पताका लागल्यात, खाऊची दुकानं थाटलीत, धावण्याच्या शर्यती सुरू आहेत. त्या गर्दीत क्रोनो नावाचा एक पोरगा धावत येतो आणि मोठ्या घंटेजवळ एका मुलीवर धाडकन आदळतो. दोघंही पडतात. मुलीच्या गळ्यातला लोलक उडून लांब जाऊन पडतो.

समजा, तुम्हीच क्रोनो आहात. तुम्ही आधी काय कराल? मुलीला लागलं का ते विचाराल, की चमकणारा लोलक उचलाल?

जरा विचार करून उत्तर द्या हं! कारण थोड्याच वेळात तुमच्यावर खटला भरणार आहे आणि सरकारी वकील नेमकी हीच गोष्ट कोर्टात काढणार आहे. मुलगी खाऊ निवडत होती तेव्हा तुम्ही तिला घाई केलीत का? जत्रेतल्या म्हातारबाबांचा डबा परस्पर फस्त केलात का? हरवलेलं मांजर छोट्या मुलीला नेऊन दिलंत का? सगळ्याचे साक्षीदार हजर!

दोस्तांनो, ही 'क्रोनो ट्रिगर' या व्हिडिओ गेमची सुरुवात आहे. जपानच्या स्क्वेअर कंपनीने तो ११ मार्च १९९५ रोजी बाजारात आणला. आपल्याकडे तेव्हा टीव्हीला जोडायच्या खेळण्यात घालत त्या चौकोनी डबीला सगळे 'कॅसेट' म्हणत. तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांना मारिओची कॅसेट नक्की आठवेल. मारिओमध्ये उड्या मारायच्या, नाणी गोळा करायची, संपलं. 'क्रोनो ट्रिगर' मात्र रोल-प्लेइंग गेम आहे. म्हणजे गोष्टीतल्या पात्राची भूमिका आपण घ्यायची, गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, निर्णय घ्यायचे आणि त्यांचे परिणामही भोगायचे. हा खेळ करायला जपानमधले तीन दिग्गज एकत्र आले होते. 'फायनल फँटसी'चे हिरोनोबू साकागुची, 'ड्रॅगन क्वेस्ट'चे युजी होरी आणि 'ड्रॅगन बॉल'चे चित्रकार अकिरा तोरियामा. तोरियामा मार्च २०२४ मध्ये वारले, पण त्यांनी काढलेला लाल केसांचा क्रोनो आजही लाखो लोक ओळखतात.

या खेळात क्रोनो आणि त्याचे दोस्त काळात मागे-पुढे जातात. तिथे जाऊन इतिहास बदलतात. आणि इतिहास बदलला की प्रश्न उभे राहतात. असे काही प्रश्न, की तीस वर्षं झाली तरी लोक त्यावर वाद घालतायत! त्यातल्या काही प्रश्नांची आज आपण गंमत बघू. एक प्रश्न मात्र नुसत्या गमतीचा नाही. तो शेवटी येईल.

(हा खेळ ज्यांना स्वतः खेळायचाय आणि गोष्ट आधी कळून घ्यायची नाही, त्यांनी इथेच पान उलटावं!)

काळाचा नकाशा

आधी सगळे काळ एका ओळीत मांडू. वहीत एक आडवी रेघ मारा आणि डावीकडून उजवीकडे लिहीत चला.

सनपूर्व ६,५०,००,००० : आदिमानव आणि सरड्यांसारखे हुशार रेप्टाइट यांची लढाई. आकाशातून एक आगीचा गोळा पडतो. तो साधा दगड नाही, 'लाव्होस' नावाचा जीव आहे. तो जमिनीत खोल जाऊन दडून बसतो.

सनपूर्व १२,००० : खाली हिमयुग, वर ढगांवर तरंगणारं झीलचं जादूचं राज्य. तिथली राणी लाव्होसची शक्ती वापरायला जाते आणि सगळा सर्वनाश होतो.

सन ६०० : गार्डियाचं मेगस नावाच्या जादूगाराशी युद्ध.

सन १००० : जत्रेचं वर्ष. क्रोनो, राजकन्या मार्ल आणि यंत्रं बनवणारी लुक्का यांचा काळ.

सन १९९९ : लाव्होस जमीन फोडून बाहेर येतो आणि जग जाळून टाकतो.

सन २३०० : राख, वादळं आणि घुमटांखाली तग धरून राहिलेली थोडीशी उपाशी माणसं.

पहिल्या ओळीकडे पुन्हा एकदा बघा. डायनोसॉर आकाशातून आदळलेल्या अशनीमुळे नष्ट झाले, हे आता बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. हा खेळ निघाला तेव्हा पुस्तकांत 'साडेसहा कोटी वर्षांपूर्वी' असं छापलेलं असे. आता अधिक अचूक मोजणी होऊन तो आकडा सहा कोटी साठ लाखांवर गेला आहे. म्हणजे काळाचा नकाशा फक्त गोष्टीतच दुरुस्त होतो असं नाही, खऱ्या विज्ञानातही होतो!

आणखी एक गोम आहे. जत्रा राज्याच्या हजार वर्षांची. म्हणजे सन १ हे राज्य स्थापन झालं ते वर्ष. मग खेळातलं १९९९ म्हणजे आपल्या कॅलेंडरातलं १९९९ असेलच असं कुठे आहे? आपल्या घरातल्या पंचांगातही हाच प्रकार असतो. इसवी सन १९९९ च्या गुढीपाडव्याला शके १९२१ सुरू झालं. दिवस तोच, आकडा निराळा. म्हणून कुठलाही कालक्रम वाचताना पहिला प्रश्न विचारायचा : मोजायला सुरुवात कुठून केली?

राजकन्या गायब!

आता खरा घोटाळा सुरू होतो. जत्रेत लुक्काच्या यंत्रात बिघाड होतो आणि मार्ल सन १००० मधून थेट सन ६०० मध्ये जाऊन पडते. तिथली लीन राणी नेमकी पळवली गेलेली असते आणि सैनिक तिला शोधत असतात. मार्ल हुबेहूब राणीसारखी दिसते. कारण सोपं आहे, ती राणीच्याच वंशातली. सैनिकांना वाटतं, राणी सापडली! ते शोध थांबवतात. आणि थोड्या वेळाने क्रोनोच्या डोळ्यांदेखत मार्ल हवेत विरून जाते.

मागोमाग आलेली लुक्का कोडं उलगडते. शोध थांबला, म्हणजे खरी राणी मरणार. राणी मेली, म्हणजे पुढचा वंशच नाही. वंश नाही, म्हणजे मार्ल जन्मलीच नाही! मग क्रोनो, लुक्का आणि फ्रॉग नावाचा बेडूक योद्धा मिळून राणीला सोडवतात आणि मार्ल होती त्याच जागी पुन्हा हजर होते.

सुटलो बुवा, असं वाटतं ना? थांबा. आता ही साखळी उलटी फिरवून बघा. मार्ल जन्मलीच नाही, तर ती सन ६०० मध्ये गेली कशी? ती गेलीच नाही, तर सैनिकांची फसगत झाली कशी? फसगत झाली नाही, तर शोध चालूच राहणार. शोध चालू राहिला, तर राणी सापडणार. राणी सापडली, तर मार्ल जन्मणार. मार्ल जन्मली, तर ती जत्रेत जाणार, यंत्रात शिरणार आणि... झालं! पुन्हा पहिल्यापासून सुरू!

काळात मागे जाऊन कुणी आपल्याच आजोबांना लहानपणी मारलं तर काय होईल, असं कोडं जगभर घालतात. त्याला आजोबांचा पेच म्हणतात. हा त्याचाच धाकटा भाऊ. आणि आणखी एक शंका आहे. मार्ल कधी जन्मलीच नाही, तर क्रोनोला ती आठवते कशी? खेळ याचं उत्तर देत नाही. खेळणाऱ्यांनी मात्र एक नियम शोधून काढला : जो स्वतः काळातून प्रवास करतो, त्याची आठवण पुसली जात नाही. नियम छान आहे, पण मार्लनेही प्रवास केलाच होता की! मग तीच का पुसली गेली? म्हणजे भोक बुजवायला ठिगळ लावलं, तर ठिगळालाच भोक!

एका पेटीतून दोन वस्तू

काही ठिकाणी खेळ करणाऱ्यांनी मुद्दाम डोळा मारलाय. सन ६०० मध्ये काही कुलूपबंद पेट्या आहेत. तुम्ही पेटी उघडून वस्तू घेतलीत, तर सन १००० मध्ये तीच पेटी रिकामी मिळते. बरोबरच आहे, चारशे वर्षांपूर्वी तुम्हीच ती पळवलीत! पण सन ६०० मध्ये पेटीला लोलकाची शक्ती देऊन वस्तू तशीच आत ठेवली, तर चारशे वर्षांत ती मुरते आणि सन १००० मध्ये अधिक ताकदवान होऊन मिळते. लोणचं मुरतं ना, तसंच. खरी चलाखी पुढेच आहे. ती मुरलेली वस्तू घ्यायची, परत सन ६०० मध्ये जायचं आणि तिथली साधी वस्तूही उचलायची! एकाच पेटीतून दोन वस्तू. मग सन १००० ची वस्तू आली कुठून? हिशेबाच्या वहीत ही नोंद कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण खेळणाऱ्यांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही!

दुसरं उदाहरण मात्र हिशेबाला पक्कं आहे. एक मूनस्टोन नावाचा खडा साडेसहा कोटी वर्षं उन्हात ठेवायचा असतो, म्हणजे तो प्रखर सनस्टोन होणार असतो. पण सन १००० मध्ये तो जागेवरून नाहीसा होतो. चौकशी केल्यावर कळतं, की तो पोर्रे गावच्या नगराध्यक्षाकडे आहे. हा गृहस्थ इतका चिक्कू, की काही केल्या खडा देत नाही. आता करायचं काय? मारामारी? छे! सन ६०० मध्ये जायचं. तिथे याच्या पूर्वजांच्या घरी एका बाईला वाळवलेलं मांस हवं असतं. ती पैसे देऊ करते. तुम्ही पैसे न घेता ते तसंच देऊन टाकायचं. तिला इतकं बरं वाटतं, की आपल्या मुलाबाळांनाही असंच वागायला शिकवायचं ती ठरवते. परत सन १००० मध्ये या. तोच नगराध्यक्ष, तेच घर, पण माणूस बदललेला! हसतमुखाने खडा हातावर ठेवतो.

चारशे वर्षांपूर्वी दाखवलेला एक चांगुलपणा पिढ्यान्पिढ्या झिरपत आला. तलवारीने जे झालं नसतं, ते झालं. आई-बाबांनो, संस्कार म्हणजे काय यावर यापेक्षा सोपं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

रोबोची चारशे वर्षं

आता रोबोकडे वळू. सन २३०० मध्ये एका घुमटाखाली तो मोडून पडलेला असतो. लुक्का त्याला दुरुस्त करते आणि तो या मुलांबरोबर निघतो.

पुढे सन ६०० मध्ये फिओना नावाची एक बाई भेटते. तिच्या घराभोवतालचं जंगल जाऊन वाळवंट झालेलं असतं. तिला तिथे पुन्हा झाडं उभी करायची असतात, पण एका आयुष्यात ते व्हायचं नाही. रोबो म्हणतो, मी थांबतो. बाकीचे सन १००० मध्ये जातात. त्यांच्यासाठी एक उडी, काही क्षण. रोबोसाठी मात्र चारशे वर्षं! नांगर धरायचा, रोपं लावायची, पावसाची वाट बघायची. मित्र सन १००० मध्ये पोचतात तेव्हा तिथे घनदाट जंगल असतं, एक मंदिर असतं आणि त्या मंदिरात झिजून निपचित पडलेला रोबो असतो. लोक त्याची पूजा करत असतात. लुक्का त्याला पुन्हा दुरुस्त करते. त्या रात्री सगळे जंगलात शेकोटीभोवती बसून गप्पा मारतात. हा प्रसंग खेळणारे कित्येक जण अजूनही विसरलेले नाहीत.

आता तुमच्या वहीतली रेघ पुन्हा एकदा बघा. मुलांचं ध्येय काय? १९९९ चा सर्वनाश टाळायचा. सन २३०० मध्ये त्यांनी त्या दिवसाची जुनी चित्रफीत पाहिलेली असते. ती बघूनच मार्ल म्हणते, आपण हे बदलू या. पण तो सर्वनाश टळला, तर सन २३०० चं ते उद्ध्वस्त जग होणारच नाही. मग त्याच जगात सापडलेल्या रोबोचं काय?

खेळाच्या शेवटी लाव्होस हरतो. जत्रेची शेवटची रात्र असते. प्रत्येक मित्र आपापल्या काळात परततो. रोबोचा निरोप घेताना लुक्काला रडू आवरत नाही. तिला प्रश्न कळलेला असतो. कोणी सांगावं, बदललेल्या जगातही रोबो कोणीतरी घडवेल, पण तो हाच रोबो असेल का? चारशे वर्षं झाडं लावलेला, शेकोटीशेजारी बसलेला?

आणि नुसता रोबोच नाही. सन २३०० च्या एका घुमटात उपाशी माणसं होती. त्यांच्या कोठारातलं सगळं अन्न सडून गेलं होतं. मुलांना तिथे एक बी सापडली आणि त्यांनी ती त्या माणसांना दिली. निराश झालेली ती माणसं पहिल्यांदा हसली. म्हणाली, ही पेरून बघू. त्या बीचं काय झालं? त्या माणसांचं काय झालं? जग वाचलं खरं, पण ते वाचवताना त्यांचं जग पुसलं गेलं. त्यांना कुणी विचारलं होतं का?

हाच तो प्रश्न, जो नुसत्या गमतीचा नाही.

गोष्ट पुढे गेली...

पहिल्या खेळात आणखी एक धागा लोंबकळत राहिला होता. झीलची राजकन्या स्काला. सर्वनाशात ती हरवली ती हरवलीच. तिचा भाऊ तिला शोधत राहिला, पण तिचं काय झालं ते खेळाने सांगितलंच नाही. गोष्टीचे एक लेखक मासातो काटो यांना ते बोचत होतं. १९९६ मध्ये त्यांनी 'रॅडिकल ड्रीमर्स' नावाचा छोटा खेळ लिहिला. त्यात चित्रं अगदी थोडी; मजकूर वाचायचा आणि पर्याय निवडायचा. गंमत म्हणजे तो दुकानात मिळतच नव्हता. जपानमध्ये उपग्रहावरून प्रक्षेपित व्हायचा आणि खास जोडयंत्र असेल त्यालाच उतरवून घेता यायचा.

मग नोव्हेंबर १९९९ मध्ये आला मोठा दुसरा भाग, 'क्रोनो क्रॉस'. काळ सन १०२०. नायक सतरा वर्षांचा सर्ज. एक दिवस समुद्रकिनाऱ्यावर त्याला भोवळ येते आणि शुद्धीवर येऊन तो गावात जातो, तर कुणी त्याला ओळखतच नाही! एका कड्यावर त्याला स्वतःचंच थडगं दिसतं. त्या जगात सर्ज दहा वर्षांपूर्वी, सात वर्षांचा असताना, बुडून मेलेला असतो. एक मुलगा वाचला की बुडाला, एवढ्या एका फरकाने जगाची दोन जगं झालेली असतात.

जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचणाऱ्यांना इथे प्राध्यापक गंगाधरपंत आठवतील. ते अशा जगात जाऊन पोचतात, जिथे मराठे पानिपत जिंकलेले असतात. कारण काय, तर विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात जराशी चुकून गेलेली असते! एका गोळीने दोन इतिहास. इथे एका लाटेने.

पण 'क्रोनो क्रॉस' बघून पहिल्या खेळाचे कितीतरी चाहते नाराज झाले. कारण तोवर असं ठरलं होतं, की सन १००५ मध्येच गार्डियाचं राज्य पडलं. म्हणजे जत्रेनंतर पाचच वर्षांनी! आपण एवढी धडपड करून मिळवलेला गोड शेवट फक्त पाच वर्षं टिकला? आणि राज्य जिंकलं कुणी? पोर्रेने! तेच ते चिक्कू नगराध्यक्षाचं गाव, जे आपण वाळवलेलं मांस देऊन दयाळू केलं होतं. लहानसं गाव पाच वर्षांत एवढी फौज उभी करतं कसं? याचं समाधानकारक उत्तर दुसऱ्या भागात सापडत नाही. सलगतेची चूक म्हणतात ती अशी. गोष्ट पुढे नेताना आधी काय सांगितलं होतं, त्याच्याशी नवी गोष्ट जुळली पाहिजे. नाही जुळली, की वाचणाऱ्याच्या दाताखाली खडा येतो.

मृत समुद्र

तरीही त्याच दुसऱ्या भागाने एक गोष्ट अशी केली, की त्यासाठी त्याला बाकी सगळं माफ करावंसं वाटतं.

सर्जच्या जगात एक 'मृत समुद्र' आहे. लाटा उसळलेल्या, पण गोठल्यासारख्या जागच्या जागी थांबलेल्या. आत गेलं की मोडक्या इमारती, तुटलेले रस्ते, यंत्रांचे सांगाडे. हे कुठलं शहर? या बेटांवर तर असं काही कधी बांधलंच नव्हतं. अगदी आत मिगेल नावाचा एक राखणदार भेटतो. तो सांगतो, की हे पुसलं गेलेलं भविष्य आहे. क्रोनो आणि त्याच्या मित्रांनी इतिहास बदलला तेव्हा जे व्हायचं राहून गेलं, ते इथे येऊन साचलंय. तिथेच जत्रेच्या चौकातल्या घंटेसारखी घंटा उभी आहे आणि क्रोनो, मार्ल व लुक्का यांच्या लहान मुलांच्या रूपातल्या सावल्याही भेटतात.

म्हणजे बघा, लुक्काला निरोपाच्या वेळी जो प्रश्न रडवून गेला, तोच प्रश्न खेळ लिहिणाऱ्यांनी विसरू दिला नाही. त्यांनी त्याला नकाशावर जागाच करून दिली. तुम्ही जग वाचवलंत, शाबास! पण ज्यांचं जग गेलं, त्यांच्याकडेही एकदा बघा.

याच हिशेबातलं आणखी एक कोडं बेल्थझार नावाच्या पंडिताचं. झीलच्या सर्वनाशात तो फेकला गेला तो थेट सन २३०० मध्ये. पहिल्या खेळात तिथे राख होती. त्या राखेत बसून त्याने काळातून उडणारं विमान बांधलं आणि तिथेच त्याचा अंत झाला. तेच विमान घेऊन मुलांनी पुढचा प्रवास केला आणि लाव्होसला गाठलं. जग बदललं. आता दुसऱ्या खेळात तोच पंडित सन २३०० मध्येच पडतो, पण तिथे राख नाही, भरभराटीचं जग आहे! तिथे तो काळाचा अभ्यास करणारं क्रोनोपोलिस नावाचं मोठं केंद्र उभारतो. एकाच माणसाची दोन चरित्रं. मग विमान बांधलं कोणत्या बेल्थझारने? ते बांधलंच गेलं नसेल, तर जग वाचलं कसं? ज्याने शिडी बनवली तो शिडीवरून चढून गेल्यावर पुसला गेला, तरी शिडी शिल्लक! हे कोडं मात्र मी तुमच्यासाठी ठेवतो.

मग खरी गोष्ट कुठली?

मोठी मालिका म्हटली की असं होतंच. १९९९ मध्ये पहिला खेळ नव्या यंत्रासाठी पुन्हा निघाला, तेव्हा त्यात चलचित्रं घातली. त्यात क्रोनो आणि मार्लचं लग्न दिसतं आणि लुक्काला एक तान्ही मुलगी सापडते. तीच दुसऱ्या भागातली किड. म्हणजे पुढच्या गोष्टीची गाठ मागच्या गोष्टीत नंतर जाऊन मारली! २००८ च्या आवृत्तीत स्कालाशी जोडलेला आणखी एक शेवट आला. 'रॅडिकल ड्रीमर्स'मध्येही सर्ज आणि किड आहेत, पण तिथली गोष्ट 'क्रोनो क्रॉस'शी जुळत नाही. त्यात एक मुखवटा घातलेला गील आहे आणि तो मुळात मेगस असतो. 'क्रोनो क्रॉस'मध्ये तसाच मुखवटेवाला गाइल आहे, पण तो मेगस नाही. दोन्ही जुळवायचे कसे? उपाय एकच : तेही एक निराळं जग समजायचं. एप्रिल २०२२ मध्ये 'क्रोनो क्रॉस'ची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तो उपग्रहावरचा छोटा खेळही तिच्यासोबत पुन्हा आला आणि जपानबाहेरच्या लोकांना पहिल्यांदाच रीतसर खेळायला मिळाला.

कुणी म्हणेल, "अहो, खेळच तो! एवढा कीस कशाला काढायचा?" पण मला वाटतं, कीस काढणं हे प्रेमाचंच लक्षण आहे. ज्या गोष्टीशी आपलं काही देणंघेणं नाही, तिची तारीख चुकली तर आपण ढुंकूनही बघत नाही. "ते विमान आलं कुठून?" असं विचारणारा मुलगा हिशेब तपासत असतो. "त्या बीचं काय झालं?" असं विचारणारी मुलगी मात्र माणसांचा विचार करत असते. चांगल्या गोष्टीला दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत. आणि इतिहासाच्या पुस्तकालाही! तिथेही सनावळ्यांची रेघ असते, तिथेही कुणाचं तरी राज्य जिंकतं, आणि त्या रेघेवर ज्यांची नावं लिहिली गेलीच नाहीत अशी कितीतरी माणसं असतात.

आता ती वही पुन्हा उघडा. तुमच्या रेघेच्या खाली, सन २३०० च्या जागी, दुसरी एक रेघ काढा. वरची बदललेल्या जगाची, खालची पुसलेल्या जगाची. खालच्या रेघेवर लिहा : रोबो, घुमटातली माणसं, एक बी. आणि मग तुम्हीच ठरवा, ती बी उगवली की नाही.